पाहिलं तेच लिहा

मॅडमच्या टेबलावरची पर्स उचलून एक माणूस दारातून पसार झाला, तेव्हा गुन्हेगारी न्यायशास्त्र शिकणाऱ्या चाळीस विद्वानांपैकी एकही जागचा हलला नाही. मॅडम ताडकन उठल्या.

"कुणी बाहेर जायचं नाही," त्या म्हणाल्या. "सुरक्षारक्षक येतोय. तोवर त्या माणसाचं वर्णन लिहा. पाहिलं तेच लिहा, खाली सही करा."

तिसऱ्या बाकावरच्या तिने मात्र त्याला ओळखलं होतं. तोंडाला रुमाल बांधला म्हणून काय झालं? ज्याचं बोट धरून चालायला शिकली, त्याची चाल ती ओळखणार नाही? दादाच होता तो.

घरफोडीची शिक्षा भोगून सुटल्याला चारच महिने झाले होते. वर्गात तिने अवाक्षर काढलं नव्हतं. चोराची बहीण न्याय शिकते म्हटल्यावर पोरांना वर्षभराची करमणूक झाली असती. सकाळीच तो म्हणाला होता, "काम मिळालंय. कुठे ते संध्याकाळी सांगतो." ती नुसतं "बरं" म्हणाली होती. असली कामं त्याला पूर्वीही मिळायची.

"डावा पाय ओढत होता ना गं?" शेजारणीने हळूच विचारलं.

"मी नाही पाहिलं."

तिला त्याचा भयंकर राग आला होता. पण तो पुन्हा आत गेला, तर आई अंथरूण धरणार. आणि खोटं लिहिलेलं उघडकीला आलं, तर हिची पदवी गेलीच म्हणायची. खोट्या साक्षीचं कलम तिने गेल्याच आठवड्यात घोकलं होतं.

तिने लिहिलं: उंच, गोरा, सडपातळ. ताठ चालत गेला. खाली सही केली.

मॅडमनी कागद गोळा करून टेबलावर पालथे ठेवले. तेवढ्यात दार उघडलं आणि दादा आत आला. हातात पर्स, गळ्यात विद्यापीठाचं नवंकोरं ओळखपत्र. तिला शोधून तो हसला.

"घाबरलात ना?" मॅडमही हसल्या. "डोळ्यांदेखत घडलेलं सांगतानाही साक्षीदार किती चुकतात, ते दाखवायचं होतं. हे आपल्या विभागाचे नवे मदतनीस, आजपासूनच आलेत. मी यांना म्हटलंसुद्धा, तुमची बहीण याच वर्गात आहे, ती ओळखेल आणि सगळा प्रयोग फसेल."

"मॅडम, तिचाच कागद आधी वाचा," दादा म्हणाला. "तिने लिहिलं असेल, हा माझा दादा आहे, आणि तो आता असलं काही करणार नाही."