एकच दोष

किल्ली फिरवली तशी मोटार घरघरली, घरघरतच राहिली, पण सुरू काही झाली नाही.

"चाळीस मिनिटं," परीक्षक म्हणाला. "गाडीत एकच दोष घातलेला असतो. शोधा, काढा, गाडी सुरू करून दाखवा. नियम सगळ्यांना सारखेच, बाई."

'बाई' या शब्दावर त्याने मुद्दाम जोर दिला. हाच माणूस सहा वर्षे मालकीणबाईंच्या गॅरेजात काम शिकला होता, त्यांच्या हातचे जेवला होता, आणि तेव्हा त्यांना काकू म्हणत होता. आता तो प्रशिक्षण संस्थेत परीक्षक होता. मालक वारले, गॅरेजचा परवाना बाईंच्या नावावर व्हायचा तर या परीक्षेचा कागद हवा होता, आणि जुन्या परवान्याची मुदत महिनाअखेर संपत होती.

"घड्याळ लावलंत, की नुसतंच बोलताय?" मालकीणबाईंनी विचारले आणि बाह्या सरसावल्या.

स्टार्टर जोमाने फिरत होता. म्हणजे बॅटरी ठणठणीत. घरघर एका लयीत होती. म्हणजे इंजिनाचा पट्टा शाबूत. त्यांनी किल्ली अर्धीच फिरवून मागच्या सीटकडे कान लावला. तिथे पेट्रोलचा पंप क्षणभर गुणगुणायला हवा होता. सामसूम. त्यांनी फ्यूजची पेटी उघडली, पंपाचा जळका फ्यूज उपसून काढला आणि नवा बसवला.

"सहा मिनिटं," त्या म्हणाल्या.

"गाडी सुरू कुठे झालीय?"

पंप आता गुणगुणत होता. इंजिन फिरले, एकदा खोकले आणि गुदमरले. पुन्हा फिरवले; पुन्हा एक खोकला, पुन्हा गप्प.

परीक्षकाने खिडकीबाहेर पाहिले. त्याच्या गालात हसू मावत नव्हते. "मालक असते तर त्यांना विचारता आलं असतं, नाही?"

"त्यांना विचारायची पाळी तुमच्यावर यायची. माझ्यावर कधी आली नाही."

बोलून त्या कामाला लागल्या. प्लग काढून पाहिला, ठिणगी निळीशार. टोकाला पेट्रोलचा ओलावा. हवेची जाळी स्वच्छ. पेट्रोल होते, ठिणगी होती, हवा आत जायला वाटही होती. घातलेला एकमेव दोष तर केव्हाच निघाला होता. दाराजवळच्या टेबलाशी बसलेल्या प्राचार्यांनी कागदांवरून मान वर केली आणि घड्याळ पाहिले. दहा मिनिटे उरली होती.

मालकीणबाई बॉनेटवर हात टेकून उभ्या राहिल्या. कुणीतरी तोंड दाबून धरावे तशी ही मोटार खोकत होती. असा खोकला त्यांनी पूर्वी एकदाच ऐकला होता, स्वतःच्या अंगणात. त्या दिवशी याच माणसाने दोष शोधता शोधता अर्धे इंजिन खोलून जमिनीवर मांडले होते. अडीच तासांनी मालकांनी गाडीमागे जाऊन सायलेन्सरमधून एक फडके ओढून काढले, आणि सारे गॅरेज पोट धरधरून हसले. सर्वांत जास्त वेळ हसल्या होत्या त्या दारात उभ्या असलेल्या मालकीणबाई. दुसऱ्या दिवसापासून हा कामावर आला नाही.

त्यांनी हात पुसले.

"किल्ली फिरवा."

"मी?"

"उमेदवाराने सांगितलं की परीक्षकाने फिरवायची. नियम सगळ्यांना सारखेच."

तो चरफडत आत बसला. मालकीणबाई मागे गेल्या, गुडघ्यावर हात देऊन वाकल्या आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरला. इंजिन जोरात फिरत होते, पण तळव्याला लागली ती हवेची केवळ एक मरतुकडी झुळूक. त्यांनी वर पाहिले. गाडीच्या आरशातून त्याचे डोळे त्यांच्यावरच खिळले होते.

"काही अडलंय का?" प्राचार्यांनी खुर्ची मागे सरकवली.

परीक्षकाचा हात किल्लीवर थिजला. नियमाबाहेर घातलेला दुसरा दोष उजेडात आला असता, तर त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती. आरशातला चेहरा पांढराफटक पडला होता.

"काही नाही, साहेब," मालकीणबाई म्हणाल्या. लांब चिमटा नळीत घालून त्यांनी एक पीळ दिला, ओढला, आणि हाताला आले ते खिशात कोंबले. "फिरवा आता."

पहिल्याच फिरकीला गाडी सुरू झाली.

प्राचार्य जवळ आले. "दोष काय निघाला?"

"पंपाचा फ्यूज."

"एवढाच? मग इतका वेळ का लागला?"

"वय झालं," मालकीणबाई म्हणाल्या. हे त्यांनी अशा आवाजात सांगितले, की 'हो' म्हणायची प्राचार्यांची छाती झाली नाही. ते आपल्या टेबलाकडे परतले.

परीक्षकाने कागदावर 'उत्तीर्ण' लिहिले. खाली सही करून शिक्का मारला.

"काकू," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी..."

"बाईच म्हणा."

त्यांनी कागद उजेडाकडे धरून शिक्का नीट उमटला आहे ना ते पाहिले आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग खिशातून काजळीने माखलेले ते फडके काढून त्याच्यासमोर बॉनेटवर पसरले.

"हे भिजवून ठासायचं असतं," त्या म्हणाल्या. "कोरडं ठेवलं की हवा सुटते, गाडी खोकते, आणि ज्याला कान आहेत त्याला कळतं. सहा वर्षं माझ्या दारात राहून एवढंही शिकला नाहीस."