निघालेला हूक

दर रविवारी लेक व्हिडिओ कॉलवर आपली खोली दाखवायची. एकच पलंग, टेबल, खिडकीला निळा पडदा. पडद्याचा एक हूक निघालेला होता, आणि आई दर वेळी म्हणायची, "अगं, तेवढा हूक लाव की."

"लावते गं."

परवा शेजारीण फोन घेऊन आली. तिची मुलगीही लेकीच्याच कॉलेजात शिकायला होती. "बघा आमच्या बाईसाहेबांची खोली." तोच निळा पडदा, तोच निघालेला हूक. "कितीदा सांगितलं लाव म्हणून. ऐकेल तर शपथ."

आई कशीबशी हसली. म्हणजे खोली हिच्या मुलीची. आपली नुसती दाखवण्यापुरती तिथे जाते.

या रविवारी लेकीने फोन खिडकीकडे वळवला, तशी आई म्हणाली, "खोली राहू दे. रात्री पाठ कुठे टेकतेस, तेवढं सांग."

लेकीने फोन पुन्हा स्वतःकडे वळवला.

"कॉलेजच्या अभ्यासिकेत. खुर्च्या जोडून." मग तिने आवाज खाली आणला. "काकूंना मात्र सांगू नकोस, आई. त्यांची मुलगी माझ्या शेजारच्याच खुर्च्यांवर झोपते."