दिलरुब्याची जागा

सगळ्यांत आधी थांबलं ते वनाचं जलतरंग. त्याने दोन्ही काड्या हळूच सतरंजीवर ठेवल्या आणि हात मांडीवर घेऊन बसला.

मोतीलालना ते कळलं नाही. फिडल छातीशी टेकवून, डोळे मिटून ते वाजवत होते. भीमपलासची गत रंगात आली होती. जळगावातले कापसाचे जिनवाले, वकील, डॉक्टर लीलाधरशेठच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसले होते, आणि अगदी पुढे, लोडाला टेकून, मुंबईहून आलेले ग्रामोफोन कंपनीचे साहेब. मोतीलालच्या मेळाची तबकडी काढायची की नाही, ते आज ठरणार होतं. या दिवसासाठी मोतीलालनी धुळ्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं.

गतीत पुढे एक जागा होती. तिथे सगळी वाद्यं दबकी व्हायची आणि निंबाचा दिलरुबा एकटा वर निघायचा. निंबा पावसाळ्यात गेला. तेव्हापासून ती जागा मोतीलाल फिडलवर घेत. आजही त्यांनी ती घेतली, आणि छगनने पेटीचा भाता मिटला. मग अभिमनने क्लॅरिओनेट खाली घेतलं.

श्रोत्यांना वाटलं, रचनाच अशी असेल. मागून कोणीतरी "वा!" म्हणालं.

राहिला कौतिकचा तबला. त्याने समेवर थाप दिली, हात उचलले, आणि खाली आणलेच नाहीत.

मोतीलालनी डोळे उघडले.

"कौतिक, ठेका दे," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"परवा येताना देतो." कौतिक मोठ्याने बोलला. पार दारापर्यंत ऐकू गेलं.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मोतीलालचा चेहरा मात्र उतरला. ते बोलणं त्यांचंच होतं. बऱ्हाणपूरच्या बैठकीला निघाले असताना, भुसावळ यायच्या आतच निंबाला पटकी झाली. मोतीलाल म्हणाले होते, बैठक मोडायची नाही; याला फलाटावर सावलीत निजवू, परवा येताना घेऊन जाऊ. परवा आले तेव्हा निंबा नव्हता. बेवारशी समजून लोकांनी त्याला जाळूनही टाकलं होतं.

मोतीलालनी गज पुन्हा तारेवर टेकवला. एकट्याने गत पुढे रेटायला लागले. सूर खरा होता, पण त्याला धरायला खाली काहीच नव्हतं. गज घसरला. तार किंचाळली, आणि बायकांच्या बाजूला कोणीतरी हसलं.

साहेब उठले. "शेठजी, मला मेळ ऐकायचा होता," एवढंच म्हणाले आणि जोडे घालायला वाकले. त्यांच्यामागून लीलाधरशेठ धावले, मग वकील, मग बाकीचे. मोतीलालना कोणी काही विचारलं नाही. आपल्या फिडलला कोणाला बोट न लावू देणारा तो माणूस, फिडल तिथेच टाकून बाजूच्या दाराने निघून गेला. कौतिक त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे डोळे भरून पाहत राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा श्वास मोकळा झाला.

मागच्या अंगणात निंबाची बायको भागाबाई उभी होती. कौतिकनेच तिला धुळ्याहून मुद्दाम आणलं होतं. बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआडून तिने सगळं पाहिलं होतं. शेजारच्या जिनातून उडालेला कापूस तिच्या पदराला चिकटला होता.

चौघे आपापलं सामान घेऊन तिच्यासमोर आले.

"वहिनी, निंबाचं उट्टं फेडलं आम्ही," कौतिक म्हणाला. "आता जन्मात ते लोकांपुढे बसणार नाहीत. वाटोळं केलं त्यांचं."

भागाबाई मान खाली घालून पदरावरचा कापूस वेचू लागली. तिला नीट समजलं नसेल असं वाटून अभिमन म्हणाला, "एकेक करून थांबलो आम्ही. ठरवून."

"ते देखं मी," भागाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "भुसावळले त्याले फलाटवर ठेईसन, गाडीमा पहिले कोन चढनं?"

कौतिक लगेच म्हणाला, "मोतीलाल."

"मंग?"

अभिमनने वनाकडे पाहिलं. छगन पेटीचं कडं चाचपू लागला.

"मंग कोन?"

"मग मी," वना म्हणाला.

"मंग?"

"मी आणि अभिमन," छगन म्हणाला. "गाडीने शिटी दिली होती, वहिनी."

"तो जागा व्हता?"

दिवाणखान्यातले दिवे एकेक करून नोकर मालवत होता. भागाबाई तशीच उभी राहिली. तिला कसली घाई नव्हती.

"जागा होता," शेवटी कौतिकच म्हणाला. "पाणी मागत होता. मी लोटा भरून ठेवला त्याच्यापाशी."

"आन त्याना दिलरुबा? तो मना घर पोचना, खुटीले टांगेल शे. तो गाडीमा कोनी ठेवा?"

कौतिकच्या काखेत तबला होता. तो त्याने दुसऱ्या काखेत घेतला.

"मी," तो म्हणाला. "मी चढवला, वहिनी."

भागाबाईने मान वर करून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"जड व्हता का, भाऊ?"