पिकू दे

डॉक्टर ऋतांनी टॉर्च उजव्या बाजूने धरला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या रुद्राप्पांनी बायकोचा उजवा खांदा हळूच दाबला.

"उजेड कुठून येतोय, आजी?"

"उजवीकडनं," शांतव्वा म्हणाली.

टॉर्च डावीकडे गेला. डावा खांदा दबला. "आता डावीकडनं की." टॉर्च वर गेला तेव्हा मानेवर बोट टेकलं आणि शांतव्वानं वर म्हणून सांगितलं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला पैकीच्या पैकी मार्क पडत होते. रुद्राप्पांचा चेहरा नुसता फुलला होता.

कोल्हापुरातल्या या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं, पण ज्याला टॉर्चचा उजेडही कळत नाही त्याला घरी पाठवतात, असं हुपरीहून येताना बसमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. नवरा-बायकोनं बसमध्येच खुणा ठरवून टाकल्या. पस्तीस वर्षं दोघांनी समोरासमोर बसून चांदीची पैंजणं केलेली, न बोलता एकमेकांचं कळायची सवय होती. रागवायचं तरी कसं अशा माणसांवर?

डॉक्टरांना मात्र ती बोटं दिसली. "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा."

रुद्राप्पा ओशाळले, पण दारात थांबून बोललेच. "म्याडम, पडदाच एवढा जाड झालाय, उजेड आत जाणार कसा? आधी पडदा काढा, मग इचारा की तिला!"

दार लागलं. डॉक्टरांनी टॉर्च थेट शांतव्वाच्या नाकासमोर धरला. दोन्ही बाहुल्या पांढऱ्याफटक होत्या.

"आता कुठून?"

"वरनं." मग घाईघाईनं, "न्हाई, खालनं."

डॉक्टरांनी टॉर्च बंद केला. "आणि आता?"

शांतव्वानं मान इकडेतिकडे फिरवली. हसली. "आता बघा, झ्याक उजेड पडलाय."

डॉक्टर ऋता खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. 

"कधीपासून कमी दिसतंय?"

"सा वर्सं झाली. पयलं नुसतं धुरकट. आमचं मालक म्हणालं, पिकू दे. त्यांच्या आईचा पिकल्यावरच काढलेला, म्हातारी मरंपतोर सुई ओवायची. गावात क्याम्पची गाडी आली की मालक डोळ्यात बघायचं आणि म्हणायचं, अजून कच्चा हाय."

"मध्ये कधी दुखला?"

"डावा गेल्या वर्सी, उजवा दिवाळीत. लय दुखलं. डोकं फुटतंय का काय असं झालतं, उलट्या. मग आपसूक थांबलं. मालक म्हणालं, आता पिकला."

रुद्राप्पांच्या आईच्या काळी डॉक्टरच तसं सांगायचे, त्यामुळे माणूस खोटं बोलत नव्हता. फक्त मधल्या तीस वर्षांत ऑपरेशन बदललं होतं आणि ते हुपरीच्या त्या घरात कुणी येऊन सांगितलं नव्हतं.

"आजी, पिकायची वाट आता बघत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "जास्त पिकला की डोळ्यात दाब वाढतो. ते दुखणं त्याचंच होतं. दाबानं आतली नस मेली, दोन्हीकडची; नाहीतर जाड पडद्यातूनही टॉर्चचा उजेड कळला असता. आता पडदा काढला तरी दिसणार नाही. आधी आला असतात तर अर्ध्या तासाचं काम होतं."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे त्यांना बोलून गेल्यावर कळलं.

शांतव्वा अंगठ्यानं तर्जनी चोळत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे न्हाईच?"

"नाही."

"बरं." तिनं पदर सारखा केला. "बाहीर त्यास्नी काय बोलू नका. मी सांगतो काय ते."

डॉक्टरांनी तिला हाताला धरून दारापर्यंत आणलं. रुद्राप्पा बाकावरून ताडकन उठले.

"कवाची तारीख दिली?"

"मीच नको म्हटलं," शांतव्वा म्हणाली. "डोळ्यात सुई घालत्यात म्हणं. मला भ्या वाटलं."

रुद्राप्पांचा आधी विश्वासच बसेना. मग ते असे भडकले की सगळी रांग वळून बघायला लागली. "अगं, अक्कल हाय का तुला? फुकट करत्यात, आणि नको म्हणतीस? जलमभर आंधळी बसणार हाईस? सोताच्या हातानं सोताचं वाटोळं केलंस की!"

"पावणं, हळू," वॉचमन म्हणाला. रुद्राप्पांना ऐकू कुठलं येतंय! त्यांचा आवाज चिरकला होता, डोळे भरून आले होते आणि तरी ते ओरडतच होते.

दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टर ऋतांना राहवेना. "बाबा, ऐका जरा..." त्या म्हणाल्या.

शांतव्वानं चाचपडत नवऱ्याचा दंड शोधला आणि त्याला घट्ट धरून जिन्याकडे ओढलं.

"वरडा तुमी," ती म्हणाली. "माझंच चुकलं."