दोन गुणांसाठी

सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कारकुनाने क्रांतीचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सीईटीला अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल. बारावीला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित मिळून जेवढे गुण लागतात, त्यापेक्षा दोन कमी.

"पोरगी हुशार आहे हो," तो म्हणाला. "पण बारावीचे किमान गुण नसले की कॉम्प्युटर फॉर्मच पुढे जाऊ देत नाही. माझ्या हातात काही नाही."

क्रांतीचे आजोबा, हंबीरराव सुभेदार, खिडकीपुढे ताठ उभे होते. "म्या अर्ज देतो," ते म्हणाले. "कुणाच्या नावानं लिवायचा तेवढं सांगा."

कारकुनाने नुसती मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

फौजेतून आल्यापासून अठरा वर्षं अर्ज हेच हंबीररावांचं हत्यार होतं. मेढ्याजवळच्या त्यांच्या गावातून सकाळची एसटी वेळेवर सुटू लागली ती त्यांच्या अर्जाने. शाळेपुढचा दिवा लागला तो त्यांच्या अर्जाने. स्टँडवर दिवसभर टवाळक्या करणारी कॉलेजची पोरं गुमान वर्गात जाऊन बसली, तीही त्यांच्याच अर्जाने. कार्बन घालून लिहायचं, कोपऱ्यात लाल शाईने जावक क्रमांक टाकायचा, खाली हुद्द्यासकट सही ठोकायची. निनावी अर्ज करणाऱ्याला ते माणसांत धरत नसत. गाव पाठीमागे हसायचं आणि अडलं की त्यांच्याच ओट्यावर येऊन बसायचं.

नातीच्या कामात मात्र सगळी शाई वाया चालली होती.

क्रांतीचा बापही फौजेत, सध्या राजस्थानात. त्यामुळे पोरीच्या शिक्षणाचा सगळा कारभार आजोबांकडे. नाव गावच्या कॉलेजात घालायचं आणि तिला साताऱ्यात मावशीकडे ठेवून सीईटीच्या क्लासला धाडायचं, हे त्यांनीच ठरवलं होतं. अलीकडे बरेच जण तसंच करतात. कॉलेजात परीक्षेपुरतं तोंड दाखवलं की झालं. क्लासने तिला चार पर्यायांतून नेमकं उत्तर उचलायला पटाईत केलं, पण पानभर लिहायचं म्हटलं की तिचा हात अडखळायचा. बारावीला गुण थोडे कमी पडणार, हे घरात सगळे धरूनच चालले होते. पण इतके?

हंबीररावांना वाटलं, पेपर तपासताना घोळ झाला असणार. त्यांनी उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स मागवल्या, कोल्हापूरला बोर्डाच्या ऑफिसात दोन हेलपाटे घातले. 'गुणांत बदल नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं. साताऱ्याच्या प्रवेश केंद्रावरच्या बाईंनी चहा पाजला, हळहळल्या आणि कागद परत दिले. फौजेत निदान हुकूम देणारा साहेब समोर दिसायचा. इथे भांडायचं कुणाशी, तेच कळत नव्हतं.

सांगलीहून परतीच्या एसटीत क्रांती खिडकीशी बसली होती.

"समदी ऑफिसं झाली," हंबीरराव म्हणाले. "आपलं गावचं कॉलेज तेवढं ऱ्हायलं. उद्या तिथं जाऊ."

"तिथं नको, आबा."

"का गं? लाज वाटती व्हय?"

तिने त्यांच्या मांडीवरची कागदांची पिशवी आपल्याकडे घेतली आणि बंद नीट बांधत बसली. मग हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी परत बसते मी. तुमी आता अर्ज लिवू नका."

 लेकराने धीरच सोडला, असं म्हाताऱ्याला वाटलं. एवढी डोक्याची पोरगी वर्षभर घरात बसणार, आणि आपण नुसतं बघत राहणार. 

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेल्याचं बघून ते एकटेच कॉलेजात गेले. फिजिक्सचे लालासाहेब सर खुर्चीवरून उठले, त्यांना बसवलं, शिपायाला चहा आणायला पाठवलं. मग बराच वेळ पावसापाण्याचंच बोलत राहिले. शेवटी हंबीररावांनी मार्कशीट टेबलावर ठेवली.

"यात नुसती बेरीज असते," सर म्हणाले. "प्रॅक्टिकलचे वेगळे दिसत नाहीत." त्यांनी रजिस्टर उघडलं. फिजिक्सला तीसपैकी दहा, केमिस्ट्रीला अकरा.

"आन् बाकीच्यांना?"

"दरसाल आम्ही कुणालाच पंचवीसच्या खाली देत नव्हतो. यंदा हजेरी बघून द्यावे लागले. क्रांतीची हजेरी तर तुम्हाला ठाऊकच आहे."

"यंदाच का पण?"

"वरून पत्र आलं. कुणाचा तरी तक्रारअर्ज गेला होता, तोच सोबत जोडून."

हंबीररावांच्या हातातला कप खाली आला. इतक्या दिवसांनी भांडायला माणूस सापडला होता. "नाव सांगा त्याचं," ते म्हणाले. "त्याच्या दारात जाऊन इचारतो, माज्या नातीची माती करून तुला काय मिळालं रं म्हणून."

सरांनी रजिस्टर मिटलं.

"राहू द्या, सुभेदार. फेब्रुवारीत प्रॅक्टिकलला आली तेव्हाच क्रांतीने वाचलाय तो अर्ज. घरी कुणाला दाखवायचा नाही, असं माझ्याकडून वचन घेतलंय तिने."

"दावा मला."

लालासाहेबांनी कपाटातून फाइल काढली, पान शोधलं आणि त्यांच्याकडे फिरवली. हंबीररावांनी चष्मा चढवला. जे विद्यार्थी वर्गात न बसता बाहेर असतात, त्यांचे प्रात्यक्षिकाचे गुण कोणाचीही गय न करता कापावेत, असं मोठ्या, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. वरच्या कोपऱ्यात लाल शाईने घातलं होतं, जावक क्रमांक सत्तेचाळीस.