खिडकीसमोरची लँड रोव्हर

इंजिन तिसऱ्यांदा खोकलं आणि बंद पडलं, तेव्हा पडद्याआड मेनिरला बरं वाटलं. खरं तर वाईट वाटायला हवं होतं. चार वाजता गाडी बघायला इंग्लंडहून गिऱ्हाईक येणार होतं, आणि खोकणारी गाडी कोण घेणार? पण तिला बरंच वाटलं. बाबा गेल्यापासून सहा महिने हेविन दर शनिवारी अंगणात येऊन त्या जुन्या लँड रोव्हरशी झटत होता, आणि सहा महिने ती त्याला दाद देत नव्हती.

मेनिरच्या मनात हेविनबद्दल जे होतं त्याला मत्सर म्हणतात. तीस वर्षांचा, चांगला मुरलेला. शेजारच्या मेंढपाळाचा हा पोरगा बाविसाव्या वर्षी अंगणात आला आणि तिचा बाप बळकावून बसला. बाबांनी, म्हणजे इदवालनी, ती त्रेपन्न सालची गाडी कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यातून ओढून आणली होती. दोघांनी मिळून अकरा वर्षांत तिचा सांगाडा सांधला, दारं बसवली, इंजिन पार सुटं करून पुन्हा जोडलं. गिअरबॉक्स तर महिनाभर मेनिरच्या जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता. तिने एकदा त्यातलं एक दातेरी चाक उचललं, तर बाबा म्हणाले, "ठेव, हात काळे होतील." हेविनचे हात कोपरापर्यंत काळे होते. त्यावर बाबांचं काही म्हणणं नव्हतं.

तिच्या वाट्याला आली स्वयंपाकघराची खिडकी. ती आत भांडी घासायची, समोर अंगणात हे दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. मधूनमधून मान वर करून खिडकीकडे बघायचे. चहा हवा असेल, असं समजून ती किटली ठेवायची. चहा नेऊन दिला की दोघं तो हमखास थंड करायचे. इंजिनाचा सूर लावावा तो इदवालनेच, असं अख्खी खाणवस्ती म्हणायची. जन्मभर स्लेट दगडाच्या खाणीत सुरुंग लावलेला माणूस, पण काय कान आहे, म्हणायचे. तो कान बाबांनी हेविनला दिला, पोटच्या पोरीला दिला नाही. तिची खरी तक्रार ही होती.

अंत्यविधीनंतरच्या पहिल्याच शनिवारी हेविन हजर. त्याने बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर घातला आणि खिडकीकडे टक लावून बघायला लागला. मेनिरच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने खसकन पडदा ओढला, तो पुन्हा उघडला नाही. गाडी विकायचंही त्याच दुपारी ठरलं. तिला पैशांची नड नव्हती. ती गाडी हेविनच्या हातातून सुटायला हवी होती, बस्स.

साडेतीन वाजले. इंजिन पुन्हा सुरू झालं, पण अडखळत राहिलं. आता मात्र मेनिर बाहेर आली.

"बाबा असते तर दोन मिनिटांत लावलं असतं," ती म्हणाली. म्हणताना जीभ गोड झाली.

"लावलं असतं," हेविन म्हणाला. "ते असते तर पडदा उघडा असता."

"पडद्याचं काय मध्येच?"

हेविनने फडक्याला हात पुसले.

"इदवालकाकांना बारीक आवाज ऐकूच यायचे नाहीत, मेनिर. सुरुंगांनी कान कधीच खाल्ले होते. ते तुझ्या तोंडाकडे बघून कार्बोरेटर लावायचे. भांडी घासता घासता तुझ्या कपाळाला आठी पडली की स्क्रू अजून फिरवायचा. आठी गेली की थांबायचं. मलाही तेच शिकवलं. कानाने लावायला मी कधी शिकलोच नाही."

मेनिरने मागे वळून ओढलेल्या पडद्याकडे पाहिलं.

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"मी म्हणालो होतो त्यांना, सांगा तिला. तर म्हणाले, सांगितलं तर मुद्दाम वाकडी तोंडं करेल."

तिला बाबांचा भयंकर राग आला. गेलेल्या माणसावर राग काढणार तरी कसा? इंजिन अडखळतच होतं, आणि तिच्या कपाळाला कधी आठी पडली ते तिला कळलंही नाही. हेविनची नजर तिच्या चेहऱ्यावर होती, हात स्क्रूवर. त्याने पाव फेरा फिरवला. मग जरासा आणखी. अडखळणं थांबलं, आवाज एकसारखा झाला, आणि ती 'बास' म्हणायच्या आत हेविनचा हात थांबला होता. बाबांच्या वेळी असायचा तो आवाज हाच.

"येऊ दे आता तुझं गिऱ्हाईक," हेविन म्हणाला. "सुटेन एकदाचा."

"तू कशातून सुटणार?"

"तीस वर्षं हेवा केलाय मी तुझा." तो बॉनेटकडे बघत बोलत होता. "मी खांद्याला खांदा लावून उभा, आणि त्यांचे डोळे कायम तुझ्या खिडकीत. एकदा अख्खं इंजिन मी एकट्याने जोडलं. सुरू केलं. एवढंसं शाबास म्हणाले नाहीत. म्हणाले, थांब, पोरगी काय म्हणते बघू."

गेटाशी हॉर्न वाजला. मेनिर एप्रनला हात पुसत तिकडे गेली, पण कडी काही तिने काढली नाही.

"तुम्हाला उगीच हेलपाटा पडला," ती गिऱ्हाइकाला म्हणाली. "ही गाडी तुमच्याकडे चालायची नाही. तिला माझं तोंड लागतं."