खिळ्यावरचं सर्टिफिकेट

करिष्मानं कपाटातली फाइल उघडली. लग्नाचं प्रमाणपत्र ट्यूबलाइटखाली चकाकत होतं. जन्माचा दाखला चकाकत होता. पोलिसांचा दाखला, तोही. तिन्ही कागद कडक, गुळगुळीत, चारी बाजूंनी बोटभर प्लास्टिक.

संध्याकाळी मुंबईची गाडी होती आणि मंगळवारी व्हिसाची मुलाखत. लग्नाला पावणेदोन वर्षं झाली होती. त्यातले विक्रमसोबतचे दिवस चोवीस. बाकी सगळा संसार मोबाइलवर. तो अमेरिकेत, ही प्रताप नगरात आईबाबांकडे. ही तारीख हुकली तर पुढची केव्हा मिळेल, देव जाणे! आणि विक्रमच्या वकिलानं पाठवलेल्या यादीत पहिलीच ओळ ठळक होती: मूळ कागद आणावेत, लॅमिनेट केलेले चालणार नाहीत. आज रविवार. नवीन दाखले काढायचे म्हटलं तरी सगळी ऑफिसं बंद.

"बाबा!" ती ओरडली.

तिचे वडील, भय्याजी, दुकानात होते. दुकान म्हणजे घराचीच समोरची खोली. झेरॉक्स, बाइंडिंग, लॅमिनेशन. अठ्ठावीस वर्षं तेच. या माणसाला प्लास्टिक चढवायचं वेडच होतं म्हणा ना! रेशन कार्ड, विजेचं बिल, डॉक्टरची चिठ्ठी, करिष्मानं चौथीत काढलेला मोर, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. "एखाद्या दिवशी मलेही मशिनीत घालतीन," असं तिच्या आई, देवकीबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

आणि भय्याजींची ऐट तर विचारूच नका. काउंटरच्या मागं खिळ्यावर त्यांचं स्वतःचं आयटीआयचं सर्टिफिकेट टांगलेलं होतं. इलेक्ट्रिशियन, प्रथम श्रेणी. कोणी लॅमिनेशनचा भाव विचारला की ते त्याच्यावर टिचकी मारायचे. "तीस वर्षं झाले याले. एक बुडबुडा दाखवा!" बाबांना त्या सर्टिफिकेटचा केवढा अभिमान आहे, हे करिष्मालाच काय, अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

तिनं फाइल काउंटरवर आपटली.

"हे काय करून ठेवलं बाबा? काहून हात लावला माह्या कागदाले?"

"अवं, ऐक तं..."

"काय ऐकू? सांभाळून ठेवा, एवढंच तं म्हटलं होतं तुमाले! आता हे कोणी हातात तरी घेईन का? गेली माही तारीख. तुमाले सारं जग प्लास्टिकमंदी घालाचं राहते!"

तिचा आवाज फाटला. कणकेच्या हातानं देवकीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"सांगून टाका ना आता पोरीले," त्या म्हणाल्या.

भय्याजी स्टुलावर चढले. खिळ्यावरून सर्टिफिकेट उतरवलं आणि तिच्यापुढं ठेवलं. तेवढीच भिंत पांढरी निघाली, बाकीचा रंग कधीचा पिवळा पडला होता.

"सरकारी नोकरीचं बोलावणं आलं होतं मले," ते म्हणाले. "सर्टिफिकेट खराब होऊ नाही म्हणून आदल्या दिवशी बर्डीच्या बाजारात गेलो अन् लॅमिनेशन करून आणलं. लय शान वाटली. साहेबानं नखानं शिक्का खरडून पाहिला, पलटवून पाहिलं, अन् वापस केलं. म्हणे, दुसरं आण. दुसरं येतपर्यंत जागा भरली."

करिष्मा त्या कागदाकडे बघत राहिली. जो आपण बाबांचा तोरा समजत होतो, ती त्यांनी रोज डोळ्यांपुढं टांगलेली स्वतःची चूक होती. तिला स्वतःची लाज वाटली. पण रागही अजून गेला नव्हता.

"सारं माहीत असून माह्या कागदाइचं हेच केलं?"

"पलटव तं."

तिनं लग्नाचं प्रमाणपत्र पलटवलं. मूळ प्रमाणपत्राच्या पाठीवर ऑफिसचा जांभळा गोल शिक्का होता, तिला पक्कं आठवत होतं. ही पाठ कोरी होती. तिनं जन्माचा दाखला पलटवला. कोरा. कलर झेरॉक्स होते सगळे!

देवकीबाई आत गेल्या, हात धुतले आणि लोखंडी पेटीतून आपला लग्नाचा शालू घेऊन आल्या. शालूच्या घडीत खाकी पाकीट होतं आणि पाकिटात तिन्ही कागद. साधे, मऊ, ऑफिसातून आले त्या दिवशी होते तसेच. "फाइलीतले कागद घडीघडी हाताळल्या जाते, म्हणून खरे इथं ठेवाले लावले यायनं," त्या म्हणाल्या.

आता मात्र भय्याजींची छाती फुगली.

"एक घडी दाखव," ते म्हणाले. "एक डाग दाखव!"

करिष्मा रडता रडता हसली. शिक्क्यावरून तिनं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि पाकीट पोटाशी धरलं.

"मंग त्या झेरॉक्सले काहून केलं लॅमिनेशन?"

भय्याजींनी लग्नाच्या प्रमाणपत्राचा तो चकचकीत कागद उचलला आणि बाहीनं पुसला. वरच्या कडेला मधोमध भोक पाडलं, सुतळी ओवली, पुन्हा स्टुलावर चढले आणि तो रिकाम्या खिळ्याला टांगला. खाली उतरून, मान तिरकी करून, सरळ लागला का ते पाहिलं.

"अठ्ठावीस वर्षं लोकाइले माही चूक दाखवली," ते म्हणाले. "आता माही पोरगी दाखवतो."